ताळेबंद, पान सोळा

शुक्रवारच्या आत डिपॉझिट भरा, असं दोघांचंही म्हणणं.
एक पत्र लीड्सचं, व्यवस्थापनाचं.
एक लायडनचं, कायद्याचं.
दोन्हींच्या प्रती काढून आणल्या सात रस्त्यावरून;
स्क्रीनवर वाचलेलं खरं वाटत नाही,
ही कोर्टात लागलेली सवय.

हत्तुरे वकील म्हणाले, सनद घेऊन सहा वर्षं झाली,
आता आणखी कायदा शिकून काय
तिकडच्या जज्जांना नमस्कार करणार?
तिथं उभं राहायचं तर पुन्हा त्यांची परीक्षा.
आणि धंदाच शिकायचा तर
चाटी गल्लीत बस की वर्षभर, फुकटात.
मग चहाचे पैसे त्यांनीच दिले,
म्हणजे त्यांना वाईट वाटलं होतं.

नानांनी बारा मागांतले सात भंगारात घातले
गेल्या उन्हाळ्यात, वजनावर.
उरलेल्या पाचांवर टॉवेल निघतात,
काठाला कुठल्याशा हॉटेलचं नाव विणलेले.
त्या हॉटेलात आमच्यातलं कुणी उतरलेलं नाही.
नाना बोलले तेलुगूत, हिशेब केला मराठीत:
धोट्याला कुणी विचारतं का,
तुला कुठल्या बाजूला राहायचंय म्हणून?
वाक्य सुंदर आहे.
घरावर कर्ज किती मिळेल, ते त्यात नाही.

अर्जांसाठी दोन निबंध लिहिले मी, पाचशे-पाचशे शब्दांचे.
एकात आमचे टॉवेल पुरवठा साखळी झाले.
दुसऱ्यात बालामणी दोंतुल असुरक्षित घटक झाली.
बालामणीला हे सांगितलेलं नाही.
ती अडतीस वर्षं विड्या वळते,
बोलताना रिकाम्या हातांनीही वळतेच,
अंगठा आणि तर्जनी, अंगठा आणि तर्जनी,
जणू माझं वाक्यही दोरा गुंडाळून
कट्ट्यात बांधून टाकणार.

खरं कारण दोन्ही निबंधांत नाही.
ते फेब्रुवारीतलं, औद्योगिक कोर्टातलं, जेवणानंतरच्या वेळेचं.
हजार विडीमागं दर वाढवायची ऐपत नाही,
म्हणून कारखान्यानं ताळेबंद दाखल केला: चार वर्षं सलग तोटा.
पिंजऱ्यात त्यांचा हिशेबनीस, उलटतपासणी माझी.
नफा त्याच कागदांत कुठंतरी आहे हे कळत होतं,
जसं अंधारात घरात मांजर आहे हे कळतं.
पान सोळापर्यंत आले.
तळाला, बारीक टायपात,
"संबंधित पक्षांना दिलेली कर्जे".
आणि पुढचा प्रश्न मला येईना.
साहेबांनी पेन खाली ठेवलं. वाट पाहिली.
पंखा फिरत होता, तेवढाच.
मी म्हटलं, नो फर्दर क्वेश्चन्स.
मागच्या बाकावरून बालामणीनं मान डोलावली.
तिला वाटलं, जिंकलो.

म्हणून लीड्स.

एवढं लिहून थांबले, कारण हेही पूर्ण खरं नाही.
पगाराचा आकडा पाहिलाय मी,
रुपयांत करून, दोनदा.
एक कोटही पाहून ठेवलाय, लांब, पट्ट्याचा, मातकट.
काळा नसलेला.

पहाटे तीनला नळ आला, पाच दिवसांनी.
नाना मोटार लावायला उठले, मी पाइप धरला,
आणि पिंप भरेपर्यंत
स्टुलावरच्या लॅपटॉपवर, ओल्या बोटांनी,
लायडनला नकार लिहिला.
इतका नम्र, की वाचणाऱ्याला वाटावं
अर्ज त्यांनीच फेटाळला, माझ्या खर्चासह.
नाना म्हणाले, पाणी वाहून चाललंय बघ.
चाललं होतं.

सोमवारी बालामणीची तारीख आहे, युक्तिवादाची.
लीड्सला जायला अजून पाच महिने,
तोवर मला येतं तेवढंच येणार.
पान सोळा तसंच वाचीन, तळापासून,
अडखळत,
पण मोठ्यानं.